थंडीच्या मुक्कामी ट्रेकसाठी मॅट कोणती घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की मुंबईतल्या ट्रेकर्सच्या ग्रुपवर झोपताना खाली घालायच्या मॅटची चर्चा सुरू होते. कुणाला डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम करायचा असतो, कुणाचं हिमालयातल्या केदारकंठाचं बुकिंग झालेलं असतं, तर कुणी ऑनलाइन सेलमधला एक फोटो टाकून 'घेऊ का?' एवढंच विचारतं. खालची उत्तरं मुंबईत राहणाऱ्या, एरवी सह्याद्रीत आणि अधूनमधून हिमालयात जाणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. लडाखमध्ये महिनाभर एकट्याने भटकणाऱ्याने यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

स्लीपिंग बॅग चांगली भारीतली घेतली आहे. मॅटवर वेगळा खर्च कशाला?

कारण बॅग खालून काम करत नाही. बॅगेची ऊब म्हणजे तिच्या पिसांत किंवा सिंथेटिक भरावात अडकलेली हवा. तुम्ही आडवे झालात की पाठीखालचा भराव चेपतो, हवा निघून जाते आणि तुमची पाठ व कातळ यांच्यात कापडाचे दोन पदर तेवढे उरतात. वरून बॅग कितीही टम्म फुगलेली असो, खालून उष्णता जमिनीत जातच राहते. 'बॅग मायनस पाचची होती तरी कुडकुडलो' अशी तक्रार करणाऱ्याला आधी विचारावं, खाली काय घातलं होतंस?

दुसरं असं, की बॅग किती थंडीपर्यंत चालते हे सांगणारं तिच्यावरचं तापमान आयएसओ २३५३७ या मानकानुसार मोजलेलं असेल, तर ते मोजताना बॅगेतल्या पुतळ्याखाली उष्णतारोधक मॅट घातलेली असते. सतरंजीवर झोपणाऱ्यासाठी तो आकडा नसतोच.

आर-व्हॅल्यू म्हणजे काय? आकडा जास्त तेवढं चांगलं का?

मॅट उष्णतेला किती अडवते त्याचं माप म्हणजे आर-व्हॅल्यू. मोजण्याची पद्धत साधी आहे. एक पत्रा ३५ अंशांवर तापवून ठेवतात, दुसरा ५ अंशांवर थंड ठेवतात, मध्ये मॅट दाबून बसवतात आणि गरम पत्र्याचं तापमान टिकवायला किती वीज लागते ते बघतात. वीज जितकी कमी, तितकी आर-व्हॅल्यू जास्त. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नव्हता. २०१८ मध्ये एएसटीएम या मानक संस्थेचं एफ३३४० हे मानक आलं आणि २०२० पासून मोठ्या कंपन्यांनी त्याच पद्धतीचे आकडे छापायला सुरुवात केली. त्याआधीची मॅट कुणी जुन्यात विकत असेल तर तिच्यावरच्या आकड्याला फार किंमत देऊ नका.

आता 'जास्त तेवढं चांगलं का' याबद्दल. थोडा हिशेब करू, कंटाळा आला तर पुढच्या प्रश्नावर जा. झोपलेल्या माणसाचं शरीर साधारण ७०-८० वॅट उष्णता तयार करत असतं. जमिनीला टेकलेला भाग अर्धा चौरस मीटर धरा, वरचं आणि खालचं तापमान चाचणीतलंच, म्हणजे ३५ आणि ५ अंश. एक सेंटिमीटर जाडीच्या साध्या फोमची आर-व्हॅल्यू १.४ च्या आसपास येते. त्यातून साधारण ६० वॅट खाली जातात, म्हणजे शरीराची जवळजवळ सगळी कमाई. आर ४.५ ची मॅट घातली तर १९ वॅट. आर ७.३ ची घातली तर १२. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच जातात. अंगावर कपडे असतात, चेपलेली बॅगही थोडं अडवते आणि खालची जमीन हळूहळू कोमट होते. पण प्रमाण लक्षात घ्या. दीडवरून साडेचारवर गेलात तेव्हा चाळीस वॅट वाचले आणि साडेचारवरून सव्वासातवर गेलात तेव्हा फक्त सात. पैसे मात्र दुसऱ्या उडीलाच जास्त मोजावे लागतात. बर्फावर ते सात वॅट मोलाचे आहेत. भंडारदऱ्याच्या काठावर नाहीत.

मग मला किती आर लागेल?

कुठे झोपणार यावर आहे.

सह्याद्रीत ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आर १ ते १.५ पुरते. म्हणजे गुंडाळायची, फोमची साधी कॅरीमॅट. डिसेंबर-जानेवारीत उंचावरच्या मुक्कामाला आर २ असेल तर झोप चांगली लागते. मुंबईकराला आपल्याकडच्या थंडीचा अंदाज नसतो, कारण शहरातला नीचांकच ७.४ अंश आहे, तोही २२ जानेवारी १९६२ चा. पण घाट चढून गेलं की गणित बदलतं. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो छापून येतात. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर किंवा हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर वारा सुटला की हवा असते त्याहून गार वाटते.

उंचीइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाठीखाली काय आहे. गुहेतला बेसॉल्टचा कातळ उष्णता भराभर ओढून घेतो. गवताळ माती त्यामानाने बरी. पाचनई किंवा रतनवाडीत एखाद्या मामांच्या घरी शेणाने सारवलेल्या पडवीत झोपलात तर चटई आणि घोंगडीवर भागतं. रतनगडाच्या गुहेत त्याच घोंगडीवर पहाटे तीनला जाग येईल. गडावर किंवा अभयारण्यात मुक्कामाला परवानगी आहे का, हे मात्र आधी बघा. नियम जागोजागी वेगळे आहेत आणि बदलतातही.

हिमालयात मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात, हमटा पाससारख्या ट्रेकला, आर ३ ते ४.५ धरा. हिवाळ्यात बर्फावर तंबू लागणार असेल, जसं केदारकंठाला, तर ५ च्या पुढे. लडाखमधल्या गोठलेल्या नदीवरच्या 'चादर'सारखा ट्रेक, जिथे रात्री पारा उणे वीसच्याही खाली जातो, तिथे ६-७ लागते आणि तिथे मॅट हा तुमच्या तयारीतला एक लहानसा भाग असतो.

सरळ सांगा, एकच घ्यायची तर कोणती?

घडीची फोम मॅट. बाजारात अंड्यांच्या ट्रेसारखी खड्ड्याखड्ड्यांची, पंख्यासारखी दुमडणारी जी मॅट मिळते ती. जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास, वजन चारशे-साडेचारशे ग्रॅम. या प्रकारातल्या सर्वांत माहितीतल्या, थर्मारेस्ट कंपनीच्या झेड लाइट सोलची आर-व्हॅल्यू २ आहे. त्याच धर्तीच्या स्वस्त मॅट डेकॅथलॉनमध्ये आणि ऑनलाइन मिळतात. बजेट अगदीच कमी असेल तर गुंडाळायची साधी कॅरीमॅट, पण किमान १० मिलिमीटरची. सहा मिलिमीटरची मॅट पिकनिकला बसायला ठीक आहे.

फुगवायच्या महागड्या मॅटपासून सुरुवात करू नका असं आम्ही नवीन माणसाला सांगतो. ती वाईट असते म्हणून नाही. आपल्या बहुतेक रात्री करवंदीच्या जाळ्यांत, बाभळीच्या काट्यांत, नाहीतर गुहेतल्या खडबडीत फरशीवर जातात. तिथे जी मॅट भोक पडलं तरी मॅटच राहते ती कामाची. शिवाय फोम दुपारी पाण्याच्या टाक्यापाशी टाकून बसता येतो. पंधरा-वीस हजारांच्या हवेच्या गादीवर कुणी भेळ खायला बसत नाही.

मॅटचे प्रकार तरी किती?

तीन. पहिला क्लोज्ड सेल फोम, म्हणजे आतले हवेचे बारीक फुगे पूर्ण बंद असलेला. पाणी पीत नाही, पंक्चर होत नाही, उष्णता बऱ्यापैकी अडवतो, पण जागा खातो.

दुसरा सेल्फ-इन्फ्लेटिंग. आत स्पंजसारखा फोम, बाहेर हवाबंद कापड, कोपऱ्यात व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडला की फोम फुलताना स्वतःच हवा ओढतो आणि वर दोन-चार फुंकरी तुम्ही मारायच्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलमध्ये बोइंगमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी ही कल्पना बाजारात आणली आणि त्यातून थर्मारेस्ट उभी राहिली. बागकाम करताना गुडघ्याखाली घेतलेल्या फोमच्या उशीतून हवा जाते-येते हे बघून त्यातल्या एकाला ती सुचली, असं सांगतात. झोपायला छान, पण वजन बहुधा किलोच्या आसपास किंवा पुढे. गाडीने पवनेच्या काठावर जाणाऱ्यांना आणि गुडघे-कंबर सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना हीच सुचवावी.

तिसरा नुसत्या हवेची, फुगवायची मॅट. घडी पाण्याच्या बाटलीएवढी होते, जाडी सात-आठ सेंटिमीटर.

हवेची मॅट म्हणजे पोहायच्या तलावातली गादीच ना? तिच्यात ऊब कुठून येते?

दिसायला तीच, आतून नाही. स्थिर हवा उष्णतेला उत्तम अडवते, पण सात सेंटिमीटरच्या मोकळ्या पोकळीत हवा स्थिर राहत नाही. पाठीजवळची गरम हवा आणि जमिनीजवळची गार हवा तुमच्या प्रत्येक हालचालीबरोबर ढवळली जाते आणि उष्णता खाली पोहोचते. म्हणूनच तलावातल्या गादीवर डिसेंबरात झोपलेला माणूस कॅरीमॅटवाल्यापेक्षा जास्त गारठतो.

उष्णतारोधक मॅटमध्ये या पोकळीचे लहान लहान कप्पे केलेले असतात. काहींत परावर्तक पातळ पडदे लावतात, जे हवेची ढवळाढवळही थांबवतात आणि शरीरातून निघणारं उष्णतेचं प्रारणही, म्हणजे किरणांच्या रूपात जाणारी उष्णताही, परत फिरवतात. काहींत सिंथेटिक तंतूंचा थर असतो, काहींत चक्क बदकाची पिसं. पडद्यांमुळे वजन आश्चर्य वाटावं इतकं कमी राहतं. थर्मारेस्टची एक्सलाइट एनएक्सटी साधारण ३७० ग्रॅमची असून तिची आर-व्हॅल्यू ४.५ आहे, आणि बर्फासाठीची एक्सथर्म एनएक्सटी ४४० ग्रॅमच्या आसपास असून ७.३. सत्तर ग्रॅमच्या फरकात एवढी तफावत पडते ती आतल्या पडद्यांच्या रचनेमुळे. दोघींची जाडी सारखीच आहे.

म्हणून 'ही मॅट दहा सेंटिमीटर जाड आहे, म्हणजे गरम असणार' हा तर्क चुकीचा. जाडी कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्या-कमरेसाठी. ऊब आतल्या रचनेतून येते.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत 'आर ६' लिहिलेली मॅट दिसते. खरी असेल का?

आकड्यापुढे एएसटीएम एफ३३४० लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर तो आकडा विक्रेत्याचा. 'उणे दहापर्यंत चालेल' असं नुसतं तापमान छापलेलं असेल तर त्याला काहीच आधार नाही, कारण कुणाला, कोणत्या बॅगेत, कोणत्या जमिनीवर हे त्यात सांगितलेलं नसतं. उजेडासमोर धरून आत काही थर दिसतो का, हलवल्यावर पडद्यांची सळसळ येते का, एवढं तरी तपासता येतं. आत काहीच नसेल तर ती तलावातलीच गादी, रंग तेवढा खाकी.

नेचरहाईकसारख्या मधल्या किमतीच्या कंपन्यांच्या काही मॅट चांगल्या आहेत, पण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत रोधक थर असलेलं आणि नसलेलं असे प्रकार असतात आणि फोटो हुबेहूब सारखे. मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

चंदेरी बाजू वर ठेवायची की खाली?

वर, अंगाकडे. पण या प्रश्नावर जेवढा वाद होतो तेवढा फरक पडत नाही. चंदेरी थर प्रारण परत पाठवतो आणि त्यासाठी त्याच्यासमोर थोडी हवेची फट लागते. खड्ड्यांच्या मॅटमध्ये ती मिळते म्हणून तिथे थोडा उपयोग आहे. सपाट, पातळ, चंदेरी फोमवर तुम्ही थेट टेकलेले असता, तिथे उष्णता स्पर्शातून जाते आणि चमक बघत बसते. चार मिलिमीटरचा चंदेरी फोम म्हणजे चार मिलिमीटरचा फोमच.

दोन मॅट एकावर एक टाकल्या तर?

उत्तम उपाय. आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. २ ची फोम मॅट आणि वर ३ ची हवेची, झाले ५. वर्षातून एकदाच बर्फात जाणाऱ्याने ७ ची मॅट विकत घेण्यापेक्षा हे करावं. फोम बहुतेक वेळा खाली ठेवतात म्हणजे वरची मॅट काट्यांपासून वाचते. वरची फुटलीच तरी फोम आहे, हा धीर वेगळाच.

ट्रेक कंपनी मॅट देतेच. मग न्यायची कशाला?

आधी त्यांना विचारा: कोणती, किती जाड, प्रत्येकाला स्वतंत्र की तंबूत अंथरलेली? हिमालयातल्या बऱ्याच आयोजित ट्रेकमध्ये फोम मॅट आणि बॅग दोन्ही मिळतात, यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या कॅम्पांतही झोपायची सोय त्यांचीच असते. अशा वेळी मॅटसाठी वीस हजार घालवण्यात काही अर्थ नाही. तेवढ्यात बूट आणि पावसाळी जॅकेट येईल. हिवाळ्यात बर्फावर मुक्काम असेल आणि उत्तर 'एक फोम मॅट' असं आलं, तर आपली घडीची मॅट सॅकला बांधून न्या आणि त्यांच्या मॅटवर टाका.

घरात योगा मॅट आहे, ती चालणार नाही का?

नाही म्हणू नये, पण ती घट्ट, जड आणि पातळ असते. तिचा गुण हा की पाय घसरत नाहीत. उष्णता अडवायला आत हवा लागते, ती तिच्यात फारशी नसते. त्यापेक्षा फोमच्या दुकानातून दहा-बारा मिलिमीटरचा ईपीई फोम मीटरवर कापून आणा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तोच पांढरा फोम. हलका आणि स्वस्त, मात्र काही मुक्कामांत चेपून पातळ होतो. घोंगडी कॅरीमॅटवर दुमडून टाकली तर मस्त काम करते. वजन तेवढं दोघांत वाटून घ्या.

रात्री मॅट टाइट होती, पहाटे ढिली. भोक पडलं का?

बहुधा नाही. तोंडाने भरलेली हवा ३५ अंशांच्या आसपास असते. ती रात्रीत ५ अंशांपर्यंत गार झाली तर तिचं आकारमान जवळपास दहा टक्क्यांनी घटतं. म्हणून संध्याकाळी फुगवा, अर्धा तास थांबा आणि झोपायच्या आधी पुन्हा दोन फुंकरी मारा. ज्या रात्री थंडी कमी होती त्या रात्रीही मॅट जमिनीला टेकली, तर मात्र भोक शोधायला लागा.

उलटाही प्रकार होतो. फुगवलेली मॅट दुपारच्या उन्हात राहिली की आतली हवा प्रसरण पावते, कप्प्यांचे जोड सुटतात आणि मध्येच एक मोठा फुगा वर येतो. तो दुरुस्त होत नाही. दुपारी तंबू सोडून जाताना व्हॉल्व्ह उघडा ठेवा.

तोंडाने फुगवू की पंपाने?

पंप-पिशवीने. बऱ्याच मॅटबरोबर ती येते. पिशवी व्हॉल्व्हला जोडून तिचं तोंड वर धरायचं, तिच्यात हवा भरायची, गुंडाळून दाबायची, तीन-चार वेळात काम होतं. श्वासातली वाफ आत गेली की मुंबईत परतल्यावर ती आतच राहते आणि बुरशी धरते. पिसांच्या मॅटमध्ये तर तोंडाने हवा भरूच नये, ओल्या पिसांची ऊब जाते. वर चार हजार मीटरवर पंधरा-वीस दमदार फुंकरी मारल्यावर डोकं गरगरतं, ते वेगळं.

छोटे चार्जिंगचे पंप सोयीचे आहेत. विमानाने जाणार असाल तर लिथियम बॅटरीची वस्तू हातातल्या सामानात ठेवा. सुट्या बॅटऱ्या तर तिथेच ठेवाव्या लागतात.

पंक्चर कसं काढायचं?

घरी असाल तर फुगवून बाथरूममध्ये साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे दिसतील तिथे पेनाने खूण करा. गडावर साबणपाणी नसेल तर ओल्या ओठाजवळ किंवा गालाजवळ मॅट फिरवा, बारीक झुळूकही कळते. जागा पुसून पूर्ण कोरडी करा, हवा काढून टाका, कंपनीचं ठिगळ किंवा चिकटपट्टी लावा, गोल कापलेली, कारण टोकं लवकर उचकटतात. सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आणि सोल्युशन रबरासाठी असतं, नायलॉनच्या कापडावर त्याचा भरवसा नाही.

तंबू लावण्याआधी जागा हाताने चाचपून काटे उचलणं, हा सर्वांत स्वस्त उपाय. गुडघे टेकून किंवा खिशात किल्ल्या ठेवून मॅटवर चढू नका. आणि शेकोटीपासून लांब. नायलॉनला एक ठिणगी पुरते. डीट हे रसायन असलेलं मच्छर पळवणारं औषध हाताला लावलं असेल तर तोच हात मॅटवर टेकवू नका, काही प्लास्टिकना ते खातं.

लोकलमध्ये मॅट सांभाळायची कशी?

आडवी बांधू नका, एवढं एकच. शुक्रवारी रात्रीच्या कसारा किंवा कर्जत लोकलला सॅकच्या खाली आडवी बांधलेली कॅरीमॅट दारात दोन माणसांची जागा खाते आणि लोकांच्या शिव्याही. उभी बांधा, सॅकच्या बाजूच्या पट्ट्यांत, वरून पावसाळी कव्हर घालून. दुसरी युक्ती जुनी आहे: मॅट सॅकच्या आत नळकांड्यासारखी उभी सोडायची आणि सामान तिच्या पोटात भरायचं. सॅकला आकार येतो, पाठीला टोचत नाही, मॅट जंगलात काट्यांना अडकत नाही. पन्नास लिटरच्या पुढच्या सॅकमध्येच हे नीट जमतं.

पाय बाहेर राहतात. लांबी-रुंदी किती घ्यावी?

नेहमीचं माप १८३ बाय ५१ सेंटिमीटर. सहा फुटांपर्यंतच्या पाठीवर झोपणाऱ्याला पुरतं. कुशीवर झोपणारा, पाय दुमडणारा, रुंद खांद्यांचा माणूस असेल तर ६४ सेंटिमीटर रुंद घ्या, मात्र आधी तंबूची रुंदी मोजा. दोन रुंद मॅट दोन माणसांच्या अनेक तंबूंत मावत नाहीत. वजन वाचवणारे छोटी, खांद्यापासून मांडीपर्यंतची मॅट घेतात आणि पायाखाली रिकामी सॅक टाकतात. सह्याद्रीत हे छान चालतं, बर्फावर नाही.

बायकांना वेगळी मॅट लागते का?

वेगळी नाही, थोडी जास्त आरची. सरासरीने बायकांना त्याच बॅगेत जास्त थंडी वाजते, आणि म्हणूनच आयएसओच्या मोजणीत 'कम्फर्ट' तापमान (आरामात झोप लागेल ते) सरासरी स्त्री धरून, तर 'लिमिट' तापमान (जेमतेम निभावेल ते) सरासरी पुरुष धरून काढतात. दुकानात बऱ्याचदा मोठ्या अक्षरांत लिमिट छापलेलं असतं. वर दिलेल्या आकड्यांत अर्धा-एक आर वाढवा. थंडी लवकर वाजणाऱ्या कोणत्याही माणसाला हेच लागू, आजोबांनाही.

कुरकुर आवाज येतो म्हणतात, खरं आहे?

परावर्तक पडद्यांच्या जुन्या मॉडेलांत भलताच यायचा, नव्यांत बराच कमी झालाय. तीन जणांच्या तंबूत एक जण कूस बदलतो आणि दोघं जागे होतात, असं होऊ शकतं. दुकानात फुगवून, त्यावर लोळून बघा, लाजू नका. मॅट तंबूत घसरत असेल तर तिच्या खालच्या बाजूला सिलिकॉन सीलंटचे ठिपके लावून एक रात्र वाळू द्या.

मुंबईच्या दमट हवेत मॅट वर्षभर ठेवायची कशी?

मॅट ट्रेकमध्ये कमी आणि माळ्यावर जास्त खराब होते. पॉलियुरेथेनचा थर असलेल्या कापडाचा शत्रू म्हणजे उष्णता आणि ओल एकत्र. पावसाळ्यातले चार महिने माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली घट्ट गुंडाळून ठेवलेली मॅट दसऱ्याला काढली की आतला थर चिकट झालेला असतो, पापुद्रे सुटतात, कुबट वास येतो. त्यावर इलाज नाही.

परत आल्यावर साध्या साबणाच्या कोमट पाण्यात ओल्या फडक्याने पुसा, सावलीत पंख्याखाली दोन दिवस वाळवा. व्हॉल्व्ह उघडा ठेवून. सेल्फ-इन्फ्लेटिंग मॅट गुंडाळून कधीच ठेवू नये, आतला फोम चेपलेला राहिला की फुलायचं विसरतो. वन बीएचकेत ती पसरून कुठे ठेवणार? पलंगाच्या गादीखाली नको, दबते. कपाटामागे उभी किंवा पलंगाखाली सपाट, व्हॉल्व्ह उघडा. हवेची मॅट सैल गुंडाळून कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून फुगवायची. फोमला काहीच लागत नाही. फक्त तिच्यावर जड सामान रचू नका.

एकाच ट्रेकसाठी हवी आहे. भाड्याने मिळते का?

मिळते, मुंबई-पुण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारे आहेत, आणि ओळखीच्या क्लबमध्ये विचारलं तर कुणी ना कुणी देतं. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात जुलैत गिरिमित्र संमेलन भरतं, तिथे जुन्याजाणत्यांना गाठून सामानाबद्दल विचारता येतं. भाड्याची हवेची मॅट घेताना दुकानातच फुगवा, वर बसा, वीस मिनिटं थांबा. दुकानदार घाई करायला लागला तर फोम मॅट मागा.

कॅरीमॅट जुनी होऊन चेपली आहे. टाकून देऊ?

चिमटीत धरून बघा. नवी असताना होती त्याच्या निम्मी झाली असेल तर झोपायला घेऊ नका, पण फेकूही नका. चौकोनी तुकडे कापा. एक बसायला, एक रात्रीच्या स्वयंपाकात स्टोव्हवरून उतरवलेल्या भांड्याभोवती गुंडाळायला, भात त्यात झाकून ठेवला की गॅस वाचतो. उरलेली पट्टी हिवाळी मुक्कामात कमरेखाली दुसरा थर म्हणून घाला. आर-व्हॅल्यूंची बेरीज तिथेही होतेच.